खुर्चीमागच्या कुंदाताई

आमच्या आळीतली एखादी मुलगी केस कापायला निघाली, की कुंदाताई तिच्याबरोबर जातात. बोलावलेलं असो वा नसो. पार्लरमध्ये खुर्चीच्या मागे, काखेत छत्री धरून उभ्या राहतात आणि मुलीच्या वतीने सगळं स्वतःच बोलतात. अट एकच. केस ना धड सरळ, ना धड कुरळे, असे नागमोडी हवेत. सरळ केसवालीला त्या "तुझं काय गो, कोणीही कापील," म्हणून वाटेला लावतात.

कुंदाताई आमच्या शेजारी एकट्या राहतात. सरकारी कचेरीत जन्मभर आवक-जावक सांभाळून निवृत्त झाल्या. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र तेल चोपडलेला घट्ट अंबाडा. तो सुटलेला मी काय, आळीत कोणीच पाहिला नव्हता. अशा बाईला केसांतलं काय कळणार, असं मलाही आधी वाटायचं.

माहेरी सांगलीला माझे केस शहाण्यासारखे वागत. लग्न होऊन रत्नागिरीत आले आणि इथल्या दमट हवेत त्यांना काय झालं कोण जाणे! सकाळी नीट विंचरून निघावं, तर बँकेत पोचेपर्यंत चारी बाजूंनी फुगलेले. शेवटी वैतागले आणि ते कायमचे सरळ करून घ्यायला नाक्यावरच्या रेश्माच्या पार्लरमध्ये गेले. कुंदाताई तिथे दुसऱ्याच एका मुलीच्या मागे उभ्या होत्या. माझा बेत ऐकला मात्र, त्या मुलीला सोडून माझ्या मागे आल्या.

"सरळ? कशाला गो? देवाने फुकट दिलेलं पैसे देऊन घालवतेस, खुळी काय तू?"

मी निमूटपणे म्हटलं, बरं, नुसते काप. रेश्माने पाण्याचा फवारा उचलला. कुंदाताईंनी छत्री आडवी घातली.

"पाणी मारू नको! ओले केस खोटं बोलतात."

म्हणजे असं, की नागमोडी केस ओले असताना लांब आणि सरळ दिसतात. त्या भरवशावर कापावेत, तर वाळल्यावर चांगली दोन बोटं वर चढून बसतात. मग मुलगी आरशासमोर रडते. एका रेषेत कापले तर खाली पसरतात आणि डोक्यावर इरलं घातल्यासारखं दिसतं. म्हणून पायऱ्या-पायऱ्यांनी कापायचे, पण खाली वजन ठेवायचं. मी भीत भीत कपाळावर थोडे पुढे घ्यायचं सुचवलं.

"झिपऱ्या? या हवेत? आषाढात शिंगं फुटतील!"

मग माझी उलटतपासणी झाली. स्कूटर चालवतेस की एसटीने जातेस? कुठल्या कुशीवर झोपतेस? शेवटी म्हणाल्या, "हस बघू." मी म्हटलं, हसू कशाला? तर म्हणे, "गप्प बसलेली सगळीच बरी दिसतात. हसल्यावर गाल कुठे जातात, ते बघून कापायचं."

घरी आल्यावर मी केस धुऊन पंच्याने खसाखसा पुसत होते, तर खिडकीतून आवाज आला, "कोकमासारखे पिळतेस काय गो! आगळ काढायचंय काय त्यांचं? जुन्या सुती साडीचं फडकं घे. मुठीत धरून वर दाब आणि सोडून दे." ही बाई आता आमच्या मोरीपर्यंत पोचली, म्हणून मी चिडलेच होते. पण केस वाळले आणि काय सांगू, खांद्यावर अशा सुरेख लाटा बसल्या! नवऱ्याने दोनदा निरखून पाहिलं आणि म्हणाला, "काहीतरी बरं दिसतंय. चष्मा बदललास का?"

तेव्हापासून मी कुंदाताईंच्या पक्षाची. रेश्मा मात्र अधूनमधून मला हळूच विचारायची, "वहिनी, यांना गावाबिवाला जायचं नसतं का हो?"

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी कुंदाताई मागल्या दाराने आल्या.

"उद्या सकाळी मोकळी आहेस काय?"

"कुणाचे केस?"

"माझे."

माझ्या हातातलं पातेलं पडायचंच राहिलं.

त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणी रविवारी आरे-वारेच्या किनाऱ्यावर जमणार होत्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच. आणि त्यातल्या एकीने ग्रुपवर लिहिलं होतं, 'आपली काथ्या येणार काय?'

"काथ्या म्हणायच्या मला," कुंदाताई म्हणाल्या. "सातवीत. केस असे ना, सोडले की पिसारा. एक दिवस वर्गभर हसल्या. घरी येऊन आईला सांगितलं, तेल थाप आणि घट्ट बांध. ते आजपर्यंत." मग अंबाडा चाचपत म्हणाल्या, "आता जाईन तर केस सोडून जाईन. नाहीतर जायचीच नाही. पण तू मागे उभी राहा गो. एकटीला नाही जमायचं."

शनिवारी सकाळी न्हाऊन, केस वाळवून, सवयीने पुन्हा अंबाडा घालूनच त्या खुर्चीत बसल्या. छत्री मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. रेश्माला तर सणच. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बोला कुंदाताई, कसे कापू?"

अर्ध्या गावाच्या केसांसाठी बोटा-बोटावरून भांडलेली बाई, पण स्वतःसाठी तोंडातून शब्द फुटेना. आरशातून नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी त्यांच्या हातातली छत्री काढून घेतली आणि काखेत धरली.

रेश्माने आकडे काढले. अंबाडा सुटला, आणि रेश्माची चेष्टा जागच्या जागी थांबली. "अगं बाई!" एवढंच म्हणाली ती. करडे-पांढरे केस पाठभर उतरले होते. इतकी वर्षं आवळूनसुद्धा त्यांचं एक वळण मोडलेलं नव्हतं. कुंदाताईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

मग मीच बोलले. पाणी मारू नको. खाली वजन ठेव. कानाजवळचं ते वळण आहे ना, त्याला हात लावू नको. रेश्मानेही नेहमीसारखी हुज्जत घातली नाही. जपून, बट-बट हातात घेऊन कापत राहिली.

"झालं," ती म्हणाली, तेव्हा कुठे कुंदाताईंनी डोळे उघडले. बराच वेळ आरशात बघत होत्या. मग कानाजवळच्या बटेला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

मी म्हटलं, "उद्या बघत राहतील तुमच्या मैत्रिणी."

"त्या बघतील गो उद्या," त्या म्हणाल्या. "पण आधी घरच्या माणसाने बघावं." आणि खुर्ची माझ्याकडे वळवून, मान जराशी वर करून म्हणाल्या, "बघ."

मी छत्री खाली ठेवली, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले आणि डोळे भरून बघितलं.