वास्तूला इंग्रजी कळतं

रोज सकाळी संकेत सोफ्यावर डोळे मिटून बसे आणि आपलं वाटोळं कसं कसं होईल ते मोठ्याने सांगे.

"आज नोकरी जाईल. आज बॉयलर बंद पडेल. आज सगळ्यांसमोर माझी फजिती होईल. मी शांत राहीन."

ही स्टोइक तत्त्वज्ञानातली साधना होती. वाईट ते आधीच मनात घडवून घ्यायचं, म्हणजे खरोखर घडलं तर माणूस डगमगत नाही. शहाणपण, धैर्य, न्याय आणि संयम एवढी शिदोरी घेऊन रोममधले गुलाम आणि बादशहा दोघेही असेच जगले, तुरुंग आणि हद्दपारीसुद्धा त्यांनी पचवली. संकेतला पचवायची होती ती टीम लीडची हुकलेली जागा. 'कामाला चोख, पण मीटिंगमध्ये लगेच तापतो,' असं सांगून मॅनेजर नीव्हने ती गेल्या वर्षी दुसऱ्याला दिली होती. हे ऐकून संकेत मीटिंगमध्येच तापला होता.

आता लॉकडाऊनमध्ये आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनच्या भाड्याच्या घरात त्याने स्वतःला गार करायचं मनावर घेतलं होतं. अडचण एकच होती, त्याची आई. वासंतीबाई फेब्रुवारीत नागपूरहून आल्या, आणि परतीचं विमान रद्द झाल्यामुळे इथेच राहिल्या.

"काहून असं अभद्र बोलून राहिला सकाळी सकाळी?" त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "वास्तू तथास्तु म्हणते, बापा."

संकेतने त्यांना रोमन बादशहा समजावून पाहिला. बादशहाच्या आईने हे कसं चालवून घेतलं, एवढंच त्यांनी विचारलं. शेवटी त्याने युक्ती लढवली.

"आई, हे आयरिश घर आहे. याला मराठी कुठे कळतंय?"

वासंतीबाईंनी छताकडे बघत विचार केला. शेजारच्या बाई इतक्या चांगल्या, रोज कुंपणावरून हात करतात, पण त्यांनाही आपलं अक्षर कळत नाही. मग भिंतींना कुठून कळणार? मुद्दा पटला. त्या दिवसापासून संकेत मराठीत बिनधोक उद्ध्वस्त होऊ लागला आणि वासंतीबाई शेजारी बसून निवांत मटार सोलू लागल्या.

मे महिन्यात नीव्हने त्याला सगळ्या ऑफिससाठी ऑनलाइन बोलायला सांगितलं. विषय होता, कठीण काळात मन शांत कसं ठेवावं. टीम लीडची जागा पुन्हा रिकामी होती, आणि हे बोलणं आपण लक्ष देऊन ऐकणार असल्याचंही तिने सुचवलं. संकेतची पत्नी अश्लेषा त्याला म्हणाली, "आज फक्त तापू नकोस. बाकी सगळं, इथले लोक म्हणतात तसं, ग्रॅंड होईल."

भाषण इंग्रजीत होतं. तेव्हा जिभेला वळण पडावं म्हणून त्याने त्या सकाळची साधनाही इंग्रजीत केली. नोकरी, बॉयलर, फजिती, सगळं अगदी स्पष्ट उच्चारात.

वासंतीबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. इंग्रजी त्यांना बेताचंच येत होतं, पण वास्तूला पुरेपूर येत होतं.

आता मुलाला अडवावं तर त्याचं भाषण सुरू झालेलं. मग त्यांनी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेतल्या, त्याच्या बंद दारावरून ओवाळल्या आणि इथे निखारे मिळत नाहीत म्हणून तापलेल्या तव्यावर टाकल्या. धूर पहिल्यांदा स्वयंपाकघरात मावला, मग जिन्यात, मग संकेतच्या दाराखालून आत आला. घरातले सगळे स्मोक अलार्म एकमेकांना जोडलेले होते. ते एकदम किंचाळू लागले.

संकेत तेव्हा सांगत होता की बाहेरचा गोंगाट आपल्या हातात नसतो. त्याला उठून ओरडायचं होतं. काय ओरडायचं तेही ठरलं होतं, आणि ते कुठल्याही तत्त्वज्ञानात बसणारं नव्हतं. पण त्याने तोंड उघडलं आणि मिरचीचा खाट थेट घशात गेला. आवाजच फुटेना. तेवढ्यात दार उघडून वासंतीबाई आल्या, स्वेटरवर पदर खोचून त्याच्या मागच्या स्टुलावर चढल्या आणि छतावरचा अलार्म लाटण्याने बडवू लागल्या. संकेत खुर्चीचे हात गच्च धरून, श्वास रोखून, समोर बघत बसून राहिला. त्याच्या गालांवरून संथपणे पाणी ओघळत होतं. सगळं ऑफिस हे बघत होतं.

अलार्म थांबला तेव्हा भाषणाची वेळ संपली होती. त्याने लॅपटॉप मिटला आणि घोटभर पाणी पिऊन आईकडे वळला. आता मात्र तो मनसोक्त तापणार होता. तेवढ्यात अश्लेषा त्याचा फोन घेऊन आली. नीव्हचा मेसेज होता. शांत राहण्याचं इतकं धाडसी प्रात्यक्षिक तिने कधी पाहिलं नव्हतं. कानाशी एवढा कल्लोळ चाललेला असताना हा माणूस एक शब्द बोलला नाही, आणि डोळ्यांतलं पाणीही त्याने लपवलं नाही. जागा त्याचीच होती. आईंना खास धन्यवाद सांगितले होते.

संकेतने मेसेज दोनदा वाचला. राग घशापर्यंत आला होता, आणि आता त्याला जायला जागाच उरली नव्हती. त्याला हसू फुटलं.

"ठसका लागला ना सगळ्यांना?" वासंतीबाई स्टुलावरून उतरत म्हणाल्या. "म्हणजे दृष्ट लागलेलीच नव्हती. उगाच मिरच्या वाया गेल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी संकेत सोफ्यावर बसला. डोळे मिटले, तोंड उघडलं, मग एक डोळा किलकिला करून छताकडे पाहिलं. आणि हळूच, स्वच्छ इंग्रजीत म्हणाला की आज सगळं ग्रॅंड होईल.

"मोठ्यानं म्हण," स्वयंपाकघरातून आवाज आला. "अलार्म बडवल्यापासून वास्तूला कमी ऐकू येत असेल."