देवाला गुडघे असतात का?

देवाला गुडघे असतात का, हा प्रश्न मला आयुष्यात एकाच माणसानं विचारला, आणि तोही सकाळी सहाला, मी तोंडात राखुंडी घेऊन दारात उभा असताना. राखुंडी भरलेल्या तोंडानं माणूस फार तर मान हलवू शकतो. मी ती उभी हलवली की आडवी, हे आता आठवत नाही. पण शांतवन मास्तरांनी कोटाच्या खिशातून वही काढली, माझं मत टिपून घेतलं आणि शेजारच्या दाराकडं वळले.

त्या दिवशी त्यांनी आमच्या आळीतली सात मतं गोळा केली. शाळेत जाताना सात रस्त्यावर कासीमभाईचा टांगा थांबवून त्यालाही विचारलं. कासीमभाई म्हणाला, "उसका मेरेकू क्या मालूम मास्टर. मेरे घोड़े के घुटने गए, इत्ता मालूम है." मास्तरांनी तेही लिहून घेतलं.

मास्तर आणि मी सोलापुरातल्या एका मिशनशाळेत शिकवत होतो. ते भूगोल, मी गणित. मी हिंदू, म्हणजे देवपूजा बायकोवर सोपवलेला हिंदू. ते ख्रिस्ती. मोठ्या दुष्काळात दुधनीकडच्या कुठल्याशा गावाहून मिशनच्या अनाथाश्रमात आले, सातव्या वर्षी बाप्तिस्मा झाला, आणि शांतवन हे नाव तिथंच मिळालं. चाळिशीपर्यंत त्यांनी कुणाला त्रास दिल्याचं ऐकिवात नव्हतं. लग्न केलं नव्हतं, त्यामुळं घरातही कुणाला नाही.

मग एका गिरणीत नवी यंत्रं बसवायला अमेरिकेहून एक फिटर आला आणि मिशननं मास्तरांना दुभाषी म्हणून त्याच्याकडं धाडलं. हा साहेब दारू पीत नसे, चिरूट ओढत नसे, चहाला आणि कॉफीला शिवत नसे. सोलापूरच्या उन्हाळ्यात गोरा माणूस दारू पीत नाही म्हटल्यावर गावाची खात्री झाली, की हा सी.आय.डी. आहे. प्रत्यक्षात तो मॉर्मन होता. चार महिन्यांनी यंत्रं सुरू झाली, साहेब परत गेला, आणि मास्तरांकडं त्याच्या पंथाची पुस्तकं राहिली. वही तेव्हापासूनची.

वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडं 'आपलं', उजवीकडं 'त्यांचं'. आपलं म्हणजे मिशननं शिकवलेला ख्रिस्ती धर्म, त्यांचं म्हणजे मॉर्मनांचा. आम्हीही ख्रिस्तीच, असं मॉर्मन म्हणतात. मुळीच नव्हे, असं मास्तरांच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब म्हणत. मला या वादात पडायचं नव्हतं. पण शिक्षकांच्या खोलीत मास्तरांची खुर्ची माझ्या शेजारी होती, आणि त्यांचं एक पालुपद होतं, "दोन्ही बाजू बघू की." त्यामुळं दोन्ही बाजू मला रोज बघाव्या लागत.

डावीकडं, देव आत्मा आहे, त्याला शरीर नाही. उजवीकडं, पित्याला हाडामांसाचं शरीर आहे. म्हणजे गुडघे आलेच. डावीकडं, शास्त्र लिहून संपलं. उजवीकडं, ते संपलेलं नाही, देव अजून संदेष्ट्यांशी बोलतो, आणि जुन्या अमेरिकेतल्या लोकांचा एक ग्रंथ तर जमिनीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांवर सापडला. डावीकडं, मेल्यावर स्वर्ग किंवा नरक. उजवीकडं, स्वर्गाचेच तीन वर्ग, आणि नरकात कायमचे जाणारे अगदी थोडके. मी म्हटलं, मास्तर, हे रेल्वेसारखं झालं. थर्ड क्लासवालासुद्धा पोचतो तिथंच. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "तेच तर बघायलोय मी." तेव्हा मी हसलो. ते कुणाचं तिकीट शोधत होते, हे मला ठाऊक नव्हतं.

पाळकसाहेबांशी त्यांचा सामना दर रविवारी ठरलेला. त्रैक्य समजावून सांगताना साहेब बेलाचं पान दाखवत. पानं तीन, देठ एक. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, देव एक. मास्तर मागच्या बाकावरून उठत. पुत्र नदीत बाप्तिस्मा घेतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि पिता आकाशातून बोलतोय, तर तिघं तीन ठिकाणी असताना एक कसे? मॉर्मन म्हणतात तिघं वेगळे, फक्त मन एक. साहेब शांतपणे म्हणत, "शांतवन, देव आपल्या बेरजेत मावला असता तर मीही तुझ्यासारखा मास्तर झालो असतो." साहेब मला आवडत. मास्तरांनी हेही वाक्य डावीकडं लिहिलं आणि पुढं खूण केली : 'उत्तर चांगलं'. ते पक्षपाती नव्हते.

चहाचा प्रयोगही याच निष्पक्षपातीपणातून झाला. उजवी बाजू करून बघितल्याशिवाय कळायची कशी, म्हणून त्यांनी चहा सोडला. तीन दिवस डोकं धरून बसले. चौथ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत बशीत ऊन पाणी ओतून, फुंकर घालून, चहासारखंच फुरके मारत पिऊ लागले. ड्रॉइंग मास्तर म्हणाले, "आता त्यात साखर घाला, पत्ती घाला, म्हणजे पंथ पूर्ण होईल."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण भूगोलाच्या तासाला मास्तरांनी अमेरिकेचा नकाशा लावून सोन्याच्या पत्र्यांची जागा दाखवली, आणि मंडळीतले वडीलजन बिथरले. एका दुपारी पाळकसाहेब शिक्षकांच्या खोलीत आले. मी कोपऱ्यात पेपर तपासत होतो. मला उठायला कुणी सांगितलं नाही, आणि मी काही उठणारा नव्हे.

साहेबांनी सरळ विचारलं, की तू आमच्यात आहेस की त्यांच्यात.  मास्तरांनी वही उघडून शेवटचं पान साहेबांसमोर ठेवलं. त्यावर डावी बाजू कोरी होती.

"साहेब, माझी आई कुठं आहे?"

साहेब पानाच्या कोऱ्या बाजूकडं बघू लागले.

"मला आश्रमाच्या दारात बसवून गेली. त्याच साली वारली म्हणतात. तिनं येशूचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. मी तरलो. ती कुठं आहे?"

"देवाच्या दयेवर सोपवू, शांतवन."

"सोपवू म्हणजे कुठं, साहेब?"

मी लाल पेन्सिल खाली ठेवली. साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि म्हणाले, "मला ठाऊक नाही." इतक्या वर्षांत धर्माच्या बाबतीत मी कुणाच्या तोंडून इतकं खरं उत्तर ऐकलं नाही.

उजव्या बाजूला मास्तरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की बाप्तिस्म्यावाचून मेलेल्यांसाठी जिवंत माणूस मॉर्मनांच्या मंदिरात त्यांच्या नावानं बाप्तिस्मा घेऊ शकतो. फिटरला पत्र घातलं होतं. त्याचं उत्तरही आलं होतं, माझी बायको तुमच्या आईच्या जागी पाण्यात उतरायला तयार आहे, सोबतचा फॉर्म भरून पाठवा. मी विचारलं, आणि तुमच्या आईला ते नको असलं तर? मास्तर म्हणाले, "सक्ती नाही. तिकडं तिनं 'नको' म्हटलं तर नको. लई हट्टी होती. पण कुणी विचारायला तरी पाहिजे की."

फॉर्म तीन महिने कोराच होता. त्यात पहिल्याच ओळीत मृत व्यक्तीचं नाव मागितलं होतं, आणि मास्तरांना आईचं नाव ठाऊक नव्हतं. ते तिला नुसतं 'अव्वा' म्हणत. सात वर्षांच्या पोराला आईला आणखी एक नाव असतं हे कशाला सुचेल?

पाळकसाहेबांनी त्याच संध्याकाळी आश्रमाचं जुनं रजिस्टर शोधून काढलं. ज्या कामासाठी शोधलं ते त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं, तरी काढलं. त्यात लिहिलं होतं : 'बिरा, बाप मलाप्पा, मयत, जात धनगर, दुधनीजवळ. आई वारल्याचे समजते.' बिरा म्हणजे बाप्तिस्म्याआधीचे मास्तर. आईचं नाव नव्हतं.

तेव्हा मला एक गोष्ट सुचली. त्या बाजूच्या घराण्यांच्या वंशावळी हेळवी लोक ठेवतात. बैलावर बसून गावोगाव फिरतात, दोन-तीन वर्षांनी दारात येतात, घराण्यातली नावं म्हणून दाखवतात, नवं जन्मलेलं लिहून घेतात आणि नावागणिक धान्य घेऊन जातात. मलाप्पाच्या घराण्याचाही कुणी हेळवी असणारच. दुधनीच्या बाजाराला जाणाऱ्या लोकांकडून आम्ही चौकशी केली, आणि सुगीनंतर सिद्धाप्पा हेळव्याचा तळ तिथंच पडतो असं कळलं. एका रविवारी, भर प्रार्थनेच्या वेळी, मास्तर आणि मी गाडीत बसलो.

सिद्धाप्पा म्हातारा होता. आम्ही घराणं सांगितलं तशी त्यानं कापडात बांधलेलं जुनं बाड सोडलं, पण त्यात न बघताच सात पिढ्या म्हणून टाकल्या. मग मलाप्पापाशी आला.

"मलाप्पा. बायकू नागव्वा. त्यास्नी एक ल्योक, बिरा."

मास्तरांचे ओठ नुसते हलले. नागव्वा. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

सिद्धाप्पा मात्र बाडात बोट ठेवून अडला. म्हणाला, "ह्यो बिरा दुष्काळात मेला म्हणून समदं गाव सांगत हुतं. वंश बुडला की आमी नावावर काट मारतो. पर ही नागव्वा मारू दीना. माझ्या बाला म्हनली, न्हाय, पादरीकडं हाय, जित्ता हाय. त्येच्या नावची शेरभर जवारी येगळी घातली. पुन्यांदा गेलो, पुन्यांदा घातली. अशा चार खेपा."

चार खेपा म्हणजे दहा-बारा वर्षं. ती त्या साली वारली नव्हती.

मास्तरांनी विचारलं, "मग न्यायला का आली नाही?"

"बानं इचारलं हुतं की. तितं त्येला पोटाला मिळतं, म्हनली."

परतीची गाडी यायला अवकाश होता. स्टेशनच्या बाकावर मास्तरांनी फॉर्म काढून माझ्यासमोर धरला. म्हणाले, "तुम्हीच भरा." म्हणून अमेरिकेतल्या मॉर्मन मंदिरासाठी, एका धनगर बाईच्या बाप्तिस्म्याचा अर्ज, देवपूजा बायकोवर सोपवलेल्या माझ्यासारख्या माणसानं इंग्रजीत भरला. नाव, नवऱ्याचं नाव, गाव. इतकं सुवाच्य मी एरवी कधीच लिहिलं नाही.

शेवटच्या ओळीत अर्जदाराचं मृताशी नातं विचारलं होतं. तेवढ्यापुरती मास्तरांनी माझ्या हातून पेन्सिल काढून घेतली, फॉर्म मांडीवर ठेवला आणि त्या इंग्रजी कागदावर मराठीत लिहिलं : ल्योक, बिरा.