गालावरची जाहिरात

"चांगुलपणा हा उत्तम धंदा आहे!"

वाक्य माझंच. आमच्या रंगाच्या कारखान्यातल्या बैठकीत मी ते असं फेकलं, की साहेबांचा कप ओठांपाशीच थांबला! झालं होतं असं, की आमच्या सांडपाण्यानं मागचा ओढा जांभळा झाला होता आणि लोक बोंब मारत होते. ओढा साफ करायचा म्हणजे खर्चाचं काम. मी म्हणालो, "साहेब, त्यापेक्षा वृद्धाश्रमाला चादरी वाटू! फोटो छापून येतील, तोंडं बंद होतील!"

त्याच आश्रमात माझी सख्खी आत्या राहते. म्हणजे परवानगीही घरचीच!

चादरीच्या कोपऱ्यात कंपनीचं इवलंसं नाव छापायचं ठरलं. "फोटोत दिसेल का?" साहेबांनी विचारलं. झालं! नाव वाढत वाढत उशीपासून पायथ्यापर्यंत पसरलं. रंग ओलसरच होता, पण पत्रकारांना वेळ दिलेली. सकाळी घाईघाईनं चादरी घातल्या. दुपारी जेवून सगळी म्हातारी मंडळी घामाघूम होऊन झोपली.

संध्याकाळी ती सभागृहात आली आणि पाहतो तर काय! कुणाच्या कपाळावर, कुणाच्या दंडावर आमच्या नावाचं अक्षर, तेही उलटं! एका आजोबांच्या टकलावर तर ते असं ठसठशीत उमटलेलं, की छापखान्यानं लाजावं!

"पुसा!" साहेब दात-ओठ खात पुटपुटले.

साबण आला, रॉकेल आलं. चादरीवर न टिकलेला रंग कातडीला मात्र गोचिडासारखा चिकटला होता!

एका पत्रकारबाईंनी शांतपणे विचारलं, "ओढ्यातला रंग हाच का हो?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

तेवढ्यात जांभळ्या गालाची आत्या काठी टेकत पुढे आली. "अहो बाई, माझ्या भाच्याला काही बोलू नका! पोरानं मनापासून दिल्यात चादरी. हो की नाही रे?"

सगळे कॅमेरे माझ्याकडे वळले. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण समोर तिचा जांभळा गाल होता!

"ओढा आमचाच," मी कसाबसा म्हणालो. साहेब तडक गाडीत जाऊन बसले.

सभागृह रिकामं झालं. मी ओलं फडकं घेऊन आत्यासमोर बसलो आणि मान खाली घालून तिचा गाल घासू लागलो. बऱ्याच वेळानं ती डोळे मिटूनच म्हणाली, "थोडा राहू दे रे. उरलेला उद्या येऊन काढ."

उरलेला? अहो, एक ठिपका निघाला असेल तर शपथ!