खोट्या रुग्णाचा डिस्चार्ज

निवृत्त हेडक्लार्क दर बुधवारी कॉलेजात जाऊन आजारी पडत. उद्याचे डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट यांनी पुढे एकमेकांशी भांडू नये म्हणून तिथे त्यांचा एकत्र तास असे, आणि त्या तासाला पलंगावर एक खोटा रुग्ण लागे. बाकीचे सहा दिवस हेडक्लार्कांना ‘कसं वाटतंय’ विचारणारं कुणी नव्हतं. त्यामुळे बुधवारी ते वेळेच्या आधीच आडवे होत.

आजचं दुखणं होतं खुब्याचं ऑपरेशन. रुग्णाला घरी कसं सोडायचं ते चौघांनी मिळून ठरवायचं. रुग्णाने मात्र हातातल्या कागदाप्रमाणेच बोलायचं. कागद सोडणाऱ्याला पुन्हा बोलावत नसत. कागदावर होतं, ‘घरी मुलगा व सून.’

डॉक्टर होऊ घातलेल्या मुलाने मान वर न करता विचारलं, "काका, घरी कोण असतं?"

"बायको," हेडक्लार्कांच्या तोंडून निघून गेलं. "पथ्याच्या बाबतीत फार कडक आहे."

त्यांना बरं वाटलं. तीन वर्षांत हे वाक्य बोलायची वेळच आली नव्हती.

मग नर्सिंगची मुलगी आली. तिनेही तेच विचारलं, कारण आधीच्याने काय विचारलं ते विचारायची या लोकांत पद्धत नाही. तिच्या कागदावर हेडक्लार्कांना उचलून न्हाणीघरात नेणारा दांडगा मुलगा आला. फार्मासिस्टला वेळेवर गोळ्या देणारी सून मिळाली. फिजिओच्या वाट्याला रोज फिरायला नेणारा धाकटा भाऊ आला. अर्ध्या तासात हेडक्लार्कांचं घर भरून गेलं. थापा मारणं वाईटच, पण माणसाला माणसं लागतात, त्याला कोण काय करणार?

चौघं टेबलाशी बसली आणि पितळ उघडं पडायला लागलं.

"इंजेक्शन त्यांची बायको देईल," डॉक्टर म्हणाला.

"बायको कुठली? मुलगा असतो घरी," नर्स म्हणाली.

"तुम्ही दोघांनी नीट ऐकलं नसेल. सून असते," फार्मासिस्ट म्हणाला.

"आणि भाऊ? तो काय फक्त फिरण्यापुरता येतो?" फिजिओने विचारलं.

"थांबा जरा," नर्स म्हणाली. "घरचा फोन नंबर कुणी घेतलाय?"

चौघांनीही घेतला होता, आणि चारही कागदांवर नंबर एकच होता. तिने तो तिथल्या तिथे लावला. पलंगावर हेडक्लार्कांचा खिसा वाजू लागला. थाप मारायलासुद्धा दुसरा नंबर त्यांना पाठ नव्हता.

"यांच्या घरी कुणीच नसतं," ती हळूच म्हणाली. चौघांनी तसं लिहून दिलं.

तास घेणाऱ्या मॅडमनी ते आपल्या कागदाशी ताडून पाहिलं. "चूक. मुलगा आणि सून आहेत. चौघंही नापास."

हेडक्लार्क उठून बसले. गप्प राहिले असते तर त्यांचा बुधवार शाबूत राहिला असता.

"मॅडम, मुलांचं बरोबर आहे. कागद सोडून मीच बोललो. बायको वारली. मुलगा लांब असतो, सून त्याच्याकडेच. भाऊ तर मला कधी नव्हताच."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. मग चौघांकडे वळल्या.

"अशा माणसाला आज घरी सोडाल?"

"नाही, मॅडम," चौघं म्हणाली. तासाभरात त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"अहो, पण मला खरंच काही झालेलं नाही," हेडक्लार्क म्हणाले. पलंगावरून उतरले मात्र नाहीत.