अस्वलराव आणि एकतीस नंबरची टेप

देवस्थळी काका दर शनिवारी सकाळी आठ वाजता कार्टून बघायला बसत. वय अठ्ठ्याहत्तर. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, तो पँटमध्ये नीट खोचलेला, कमरेला पट्टा, पायात पॉलिश केलेले बूट, खिशाला पेन. बघणाऱ्याला वाटावं की गृहस्थ मुलाखतीला निघालेत. आणि समोर टीव्हीवर एक लठ्ठ अस्वल दीपगृहाच्या जिन्यावरून गडगडत खाली येत असायचं.

हे ज्ञान मला झालं ते त्यांच्या दारात उभं राहून. आम्ही ट्रॉयमध्ये घर घेतलं, शेजारी मराठी काका एकटेच राहतात असं कळलं, म्हणून पहिल्याच शनिवारी मी गरम उपमा घेऊन गेले. मिशिगनचा जानेवारी होता, नाक आहे की गळून पडलं ते चाचपून बघावं लागत होतं. काकांनी दार उघडलं, मनगटावरचं घड्याळ बघितलं, म्हणाले, "सव्वीस मिनिटं." आणि दार लावून घेतलं.

मी नागपूरची. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाशी कुणी असं वागलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. तो मी घरी येऊन मनसोक्त केला. बरोबर सव्वीस मिनिटांनी आमचीच बेल वाजली. "हं, आता बोला. उपमा होता ना?" काका म्हणाले. उपमा मी रागारागात संपवला होता. मग पोहे केले, आणि तिथून आमची मैत्री झाली.

काका ब्रेकचे इंजिनिअर. चाळीस वर्षं एका मोटार कंपनीत गाड्या कशा थांबवायच्या हे बघत बसले. काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी शलाका डॉक्टर, टेक्सासात शुगर लँडला असते. काकू गेल्यावर बेसमेंट आवरताना काकांना एक खोका सापडला. त्यात एकोणचाळीस व्हिडिओ टेपा होत्या. प्रत्येकीवर नंबर आणि खाली लहान मुलाच्या अक्षरात 'बाबांसाठी' असं लिहिलेलं.

"मी शनिवारी ओव्हरटाइमला जायचो," काकांनी मला सांगितलं. "शलाका तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिला ह्या अस्वलाचं वेड. ती म्हणायची, बाबा, तू पण बघ. मी म्हणायचो, कसं बघू, मी कामावर. तर ही माझ्यासाठी टेप करून ठेवायला लागली. ऑफिसात ट्रेनिंगच्या जुन्या टेपा टाकून द्यायचे, त्या मी आणायचो. त्याच्यावर ती भरायची."

म्हणून प्रत्येक भाग संपला की पडद्यावर टाय लावलेला एक गोरा माणूस उगवायचा आणि ब्रेकची अस्तरं कधी बदलावीत ते सांगू लागायचा. काका त्याचंही ऐकून घेत. "हा बरोबर बोलतो," म्हणत.

"मग तेव्हा बघितल्या होत्या का तुम्ही ह्या?" मी विचारलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "एकही नाही. घरी यायचो तो मेलेला यायचो. आणि तिला सांगायचो, बघितली. छान होती."

प्रत्येक टेपेबरोबर ती खोक्यात एक चिठ्ठीही ठेवायची, परीक्षेच्या पेपरासारखी. 'बाबा तूला कोण आवडल?' असा प्रश्न, शुद्धलेखन ज्याचं त्याचं. खाली काकांच्या ड्रॉइंगवर लिहितात तसल्या टोकदार अक्षरात उत्तर: 'अस्वल. छान होतं. शेवट फार आवडला.' मी चिठ्ठ्या चाळल्या. सगळीकडे तेच उत्तर, जणू शिक्का मारलाय.

तर ते राहून गेलेलं बघणं काकांनी आता सुरू केलं होतं. "तिच्या लेखी मी हे बघितलेलं आहे," ते म्हणाले. "ते खरं करून ठेवायचंय. तिला कळायच्या आत." शर्ट-बूट का, तर शनिवारी आठ वाजता ते ह्याच कपड्यांत असायचे. "फक्त भलतीकडे असायचो," ते म्हणाले.

आठवड्याला एकच टेप. कारण तेव्हा आठवड्याला एकच भाग यायचा. पावणेआठला पोहे, आठला पाच कमी असताना टेप व्हीसीआरमध्ये. सगळ्या टेपा शेवटाला येऊन थांबलेल्या, चाळीस वर्षांत कुणी त्या मागे नेल्याच नव्हत्या. "आधी मागे, मग पुढे," काका म्हणत आणि रिवाइंडचं बटण दाबत. दर वेळी म्हणत. मीही पुढेपुढे त्यांच्याबरोबर पुटपुटायला लागले. दोन-तीन शनिवारी मी लॅपटॉप घेऊन गेले होते, ऑफिसचं काहीतरी अडलेलं असायचंच. काकांनी एकदाच बघितलं माझ्याकडे. त्यानंतर लॅपटॉप घरी ठेवून जायला लागले.

मालिकेचं नाव काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं. काका तिला 'अस्वलराव' म्हणत. अस्वलराव दीपगृह सांभाळतात, एक कोल्हा दर आठवड्याला दिवा चोरायला येतो, पोस्टमन बदक आरडाओरडा करतं आणि दिवा वाचतो. संपली गोष्ट. पण काका मांडीवर रजिस्टर घेऊन बसत आणि टाचण करत. 'भाग ११. दिव्याची काच शंभर फुटांवरून पडून फुटली नाही. मान्य नाही.' 'भाग १४. कोल्ह्याची बाजू कुणी ऐकूनच घेत नाही. त्याला घर नाही, हे दोनदा दाखवलं आहे.' 'भाग १७. बदक आवडलं. त्याला सगळं माहीत असतं आणि कुणी विचारत नाही.' चिठ्ठीतल्या प्रश्नांची ही खरी उत्तरं होती. रजिस्टर पुरं झालं की ते शलाकाच्या हातात द्यायचं, असा बेत.

आता माझा शहाणपणा ऐका. वाढदिवसाला मी काकांना त्या मालिकेचा डीव्हीडीचा अख्खा संच आणून दिला. नवा, झळझळीत, एकेक चित्र धुऊन पुसून काढलेलं. वाटलं, काका खूश होतील. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि थांबवलं.

"फार स्वच्छ आहे गं."

"मग चांगलंच ना, काका!"

"ह्याच्यात आमचं घर नाही," म्हणाले, आणि त्यांनी विसावी टेप लावली. मधेच चित्रावर आडव्या पांढऱ्या रेषा आल्या, अस्वलराव थरथरायला लागले. काकांनी बोट दाखवलं. "हे बघ. ही शलाकाची आई. चटणी वाटतेय. भारतातून आणलेला मिक्सर होता, तो लावला की अँटेनाचं चित्र असं व्हायचं." रेषा बराच वेळ राहिल्या. काका कान देऊन ऐकावं तसे बघत होते. "नारळ असणार," ते म्हणाले. "शेंगदाण्याला एवढा वेळ लागत नाही."

डीव्हीडीचा संच मी मुकाट्याने कपाटात ठेवून दिला.

त्या हिवाळ्यात काका ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरले. हाड वाचलं, पण शलाकाने ठरवलं, बास. तिने आपल्या घरी खालच्या मजल्यावर त्यांची खोली तयार करून ठेवली. दर रविवारी फोन. काकांचं एकच: "ऑगस्टनंतर बघू." ऑगस्टात टेपा संपणार होत्या. शेवटी तिने मला गाठलं. "मंजिरी, इज ही ओके? परवा त्याच्या तोंडून गेलं, टेपा संपू देत म्हणून. कसल्या टेपा?"

"अगं, जुनी नाट्यगीतं," मी ठोकून दिलं. काकांची भीड पडली, काय करणार!

"बाबा आणि नाट्यगीतं?" ती म्हणाली. मग नुसतंच "हं" म्हणाली.

जूनमध्ये व्हीसीआरने दगा दिला. तिसावी टेप झाली आणि आतून करकर आवाज येऊन तो बंदच पडला. मी म्हटलं, काका, उरलेल्या टेपा द्या, एका दुकानात देऊन कॉम्प्युटरवर उतरवून आणते. काकांनी खोका छातीशी धरला. "कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत. एक तुटली तर ती परत कुठून आणू?" त्यांचा आवाज असा काही झाला की मी तो विषयच सोडून दिला. मग त्या माणसाने चार दिवस डायनिंग टेबलावर व्हीसीआर उघडून मांडला. आतला रबरी पट्टा ढिला झाला होता. नवा कुठून तरी मागवला, बसवला. शनिवारी मला मुद्दाम बोलावलं, "उद्घाटनाला ये" म्हणून.

एकतीस नंबर. "आधी मागे, मग पुढे," आम्ही दोघं म्हणालो. अस्वलरावांचं गाणं सुरू झालं, दिवा फिरायला लागला, आणि खट् करून चित्र बदललं.

एक तळं. एक होडी. होडीत टोप्या घातलेले दोन पुरुष, हातात गळ. ते बोलत नव्हते. पाणी हलत नव्हतं.

"अय्या, चॅनल बदललं वाटतं चुकून," मी म्हटलं. "थांबा काका, हा भाग डीव्हीडीवर असेल."

"बस," काका म्हणाले.

आम्ही बसलो. अर्धा तास ते दोघं मासे पकडत होते. मधे जाहिराती आल्या, त्याही मासे पकडण्याच्या सामानाच्या. रजिस्टर मांडीवर उघडंच राहिलं. शेवटी टायवाला माणूस आला आणि ब्रेकबद्दल बोलायला लागला, तेव्हा काकांनी टीव्ही बंद केला. खोक्यातून चिठ्ठी काढली, वाचली आणि माझ्या हातात दिली.

'बाबा आजचा भाग कसा होता? कोण आवडल?'

खाली टोकदार अक्षरात: 'अस्वल. छान होतं. शेवट फार आवडला.'

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

"चॅनल चुकलं नाही," काका म्हणाले. "तिने गाणं तेवढं ठेवलं, मला फसवायला. नऊ वर्षांची पोर. तिने चाचणी घेतली माझी, मंजिरी. आणि मी नापास झालो, आणि ते मला चाळीस वर्षांनी कळतंय." एवढं बोलून काका रडायला लागले. शर्ट-बूट घातलेला, खिशाला पेन लावलेला म्हातारा माणूस सोफ्यावर बसून हुंदके देऊन रडत होता. मी काय करणार? पाणी आणून दिलं आणि शेजारी बसून राहिले. माझेही डोळे भरून आले होते.

थोड्या वेळाने ते उठले, त्यांनी खोक्यात हात घातला. बत्तीस नंबर काढली. आठवड्याला एकच हा नियम त्यांनी पहिल्यांदा मोडला. टेप मागे नेली, लावली. गाणं झालं आणि अस्वलराव आले. अख्खा भाग, जाहिरातींसकट. मधे रेषासुद्धा आल्या. मग तेहेतीस नंबरची नुसती सुरुवात बघितली. अस्वलरावच.

"कळल्यावरही भरत राहिली," काका म्हणाले. "आठ टेपा. मी बघत नाही हे माहीत असताना."

मग त्यांनी फोन लावला. काकांना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. मी उठायला लागले, तर त्यांनी हातानेच बसवलं.

"शलाका, एकतीस नंबरची टेप बघितली."

"काय? बाबा, व्हॉट टेप?"

"अस्वलरावांची. तू माझ्यासाठी भरलेली. मासेवाली."

पलीकडून एकदम बारीक आवाजात, "ओह. ती."

"तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू इतका दमून यायचास." ती म्हणाली. "पण चिठ्ठी लिहिताना तू खुर्चीत नीट बसायचास, खिशातलं पेन काढायचास, खूप विचार केल्यासारखं करायचास. मग लिहायचास. ते मला आवडायचं, बाबा. आय वेटेड फॉर दॅट."

"मग पुढच्या कशाला भरल्यास?"

"वाटायचं, बघशील कधीतरी."

काकांनी नाक पुसलं. रजिस्टर जवळ ओढलं आणि अहवाल वाचावा तसे म्हणाले, "भाग एकतीस. दोन तास बसल्यासारखं वाटलं. त्यांना एकही मासा लागला नाही. टोपीवाल्यांपैकी डावीकडचा बरा वाटला, तो निदान प्रयत्न करत होता. शेवट आवडला नाही."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग तो हसण्याचा राहिला नाही. "पूर्ण बघितलास?" तिने विचारलं.

"पूर्ण. जाहिरातींसकट."

"बाबा, बाकीच्या बघू नकोस. मला ठेव."

जुलैत काका गेले शुगर लँडला. सगळं सामान ट्रकने गेलं. व्हीसीआर आणि टेपांचा खोका त्यांनी विमानात मांडीवर घेतला, एअर होस्टेसशी भांडून. जाताना डीव्हीडीचा संच मला परत दिला, "तुझ्या घरी लाव, चांगला आहे" म्हणून. शेजारचं घर अजून रिकामंच आहे. मला शनिवारी सकाळी काय करावं ते सुचत नाही.

गेल्या शनिवारी फारच आठवण आली, म्हणून फोन केला. नऊ वाजून गेले होते, म्हटलं कार्टून आटोपलं असेल. इथे नऊ म्हणजे टेक्सासात आठ, हे ध्यानातच आलं नाही. फोन शलाकाने उचलला. मागे दिव्याचं ते गाणं चालू होतं आणि मिक्सरही, घर्र घर्र.

"अगं, मंजिरी बोलतेय, काका कसे..."

"सत्तावीस मिनिटं," शलाका म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.