आबांच्या खांद्याची तपासणी

त्या दिवशी मांजरी गावात ऊन असं तापलं होतं, की कोंबड्यासुद्धा ट्रॉलीखालची सावली सोडायला तयार नव्हत्या. सोनबाआबा ओट्यावर डावा खांदा चोळत बसले होते. उसाची मोळी उचलताना खांद्यात लचक भरली होती. दुखणं कधीच थांबलं होतं, चोळायची सवय तेवढी राहिली होती. संध्याकाळी भैरवनाथाची पालखी निघणार होती आणि पुढचा दांडा आबांचा, हे सगळ्या गावाला ठाऊक.

नात उल्का कर्वेनगरच्या कॉलेजात फिजिओथेरपी शिकत होती. ती म्हणाली, "आबा, तुमच्यावर टेस्ट करून बघू? दुखऱ्या खांद्याला पकडते आणि चांगल्याला सोडते तीच टेस्ट कामाची, असं आमच्या मॅडम म्हणतात."

"बघ की!" आबा म्हणाले. (इथंच सगळं बिघडलं.)

उल्कानं त्यांचा हात आडवा धरला, अंगठा खाली वळवला आणि वरून दाबलं. "दुखतं?"

दुखत नव्हतं. पण पोरगी एवढा घाम गाळतेय, तिला नाही कसं म्हणायचं? पाहुण्यानं भाजी अळणी आहे म्हणावं, तसंच झालं ते.

"दुखतंय गं," आबा मायेनं म्हणाले.

तिनं हात पाठीमागं नेला. "दुखतंय." कोपरात वाकवून फिरवला. "लई दुखतंय!" मग तिनं ताडून बघायला उजवा खांदा धरला. तिथंही आबांनी तिला नाराज केलं नाही.

गोंधळून तिनं आजीला, मुक्ताबाईंना बसवलं. त्या वर्षभर खांदा धरून कण्हत होत्या. आता म्हणाल्या, "छे, कुठं काय?" (कबूल केलं असतं तर नैवेद्याच्या पोळ्या सुनेच्या हाती गेल्या असत्या.)

"ह्या घरात एकपण टेस्ट चालत नाही!" उल्का वैतागली. पण आबांचे दोन्ही खांदे पॉझिटिव्ह म्हटल्यावर धोका कोण पत्करणार? तिनं शेजारच्या दिगंबरला हाक मारली. "काका, आज पुढचा दांडा तुम्ही घ्या."

"अगं, मला काय बी झालं न्हाई!" आबा ओरडले.

"मग दुखतं असं का म्हणालात?"

"तू इचारलंस म्हणून!"

"आबा, पालखीसाठी आता खोटं बोलू नका."

संध्याकाळी दिगंबर दांड्याखाली, आणि आबा कडेला, त्या उकाड्यात बाळंतिणीसारखे शालीत गुंडाळलेले. पालखी उठली. गुलाल उडाला. आबांना राहवलं नाही. शाल भिरकावून, दोन्ही हात थेट आभाळाकडं फेकत त्यांनी अशी आरोळी ठोकली, की हलगीवाल्याचा ठेका चुकला, "भैरवनाथाच्या नावानं चांगभलंऽऽ!"

पालखीखालून दिगंबर शांतपणे म्हणाला, "आबा, हात खाली घ्या. दुखत्याल."