कॅरिबियनमधली अंगारकी

मंदाचं कोणीही खरं धरलं नाही. भाईंदरच्या जेसल पार्कातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं सोडून बारा बिऱ्हाडं. बाराच्या बारा दारांत उभं राहून तिने सांगितलं, की बायांनो, मी रिसॉर्टवर मजा करायला गेले आणि तीस माणसांची साबुदाण्याची खिचडी करून आले. बाया हसल्या. समोरची विमलाबाई तर म्हणाली, "रिसॉर्टवर स्वयंपाक कोण करतं गं? फुकटचं हादडून आलीस ते सांगायची लाज वाटते होय?" आता या बाईपुढे डोकं कुठे आपटायचं? हादडून आली असती तर मंदाने बिल्डिंगच्या गेटवर बोर्ड लावला असता.

सुरुवात अगदी साधी झाली. मंदाचा नवरा बबन शिवलकर अंधेरीच्या एका कंपनीत डिस्पॅच क्लार्क. कंपनीच्या गॅदरिंगला हाउजी खेळले आणि जन्मात कधी बसमध्ये सीट न मिळालेल्या या माणसाला फुल हाउस लागलं. बक्षीस म्हणून कुपन. डोंगरीच्या पुढे, उत्तनच्या बाजूला नवीन निघालेलं 'कॅरिबियन पाम्स बीच रिसॉर्ट'. चार माणसं, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, ऑल इन्क्लुसिव्ह.

ऑल इन्क्लुसिव्ह म्हणजे काय ते स्वातीने सांगितलं. स्वाती म्हणजे मंदाची मुलगी, अकरावीत शिकणारी, त्यामुळे घरातलं सगळं इंग्रजी तिच्याकडे. कॅरिबियन म्हणजे वेस्ट इंडीजकडचा समुद्र, आणि ऑल इन्क्लुसिव्ह म्हणजे मनगटाला एक फीत बांधतात, ती दाखवायची की मागाल ते पुढ्यात येतं.

पुढ्यात येतं. हे दोन शब्द मंदाच्या काळजात जाऊन बसले. एकवीस वर्षं झाली लग्नाला, भरलेलं ताट तिच्या पुढ्यात कोणी आणून ठेवलं नव्हतं. (माहेरीही नाही. चौथी झाल्या झाल्या आईने पाटी काढून घेतली आणि पोळपाट दिला.) तिला एकच दिवस हवा होता. बसायचं, कोणीतरी गरम ताट आणायचं, ते खायचं आणि खरकटं तिथंच टाकून उठायचं. समुद्र ज्याला बघायचा त्याने बघावा.

कुपनावर तारीख छापलेली होती, ती बदलून मिळणार नव्हती. बबनने ऑफिसच्या डायरीत बघितलं, मे महिन्यातला मंगळवार, हाफ डे कशाला, पूर्ण रजाच टाकतो म्हणाला. पण ऑफिसच्या डायरीत तिथी नसते. तिथी होती भिंतीवरच्या कॅलेंडरात, आणि ती चष्मा लावून वाचली सासूबाईंनी, म्हणजे गिरिजाबाईंनी. अंगारकी.

शिवलकरांच्या घरी अंगारकी सगळ्यांची. बबन तिसऱ्या खेपेला मॅट्रिक सुटला तेव्हा गिरिजाबाई अंगारकीचा नवस बोलून बसल्या होत्या, आणि एका मॅट्रिकच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या उपाशी राहायचं ठरलं होतं. दिवसा फराळ करायचा, उपास चंद्रोदयाला सोडायचा. रिसॉर्ट तर पाचला बाहेर काढणार.

मंदा सुन्न झाली. मग म्हणाली, उपास असला तर काय झालं, उपासाला माणसं जास्तच खातात. तिथे फराळाचं मिळतं का तेवढं विचारू. दोघं कोपऱ्यावरच्या पीसीओत गेली. बबनने फोन लावला आणि त्याच्या त्या हिंदीत सुरू झाला, हमारा वो रहता है, चंद्र निकलने तक, सबका रहता है. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राहिला. मंदाला ते बघवेना. तिने रिसीव्हर हिसकावला. चौथी शिकली असली तरी मिरा-भाईंदरात पंधरा वर्षं काढलेली बाई होती ती, चार इंग्रजी शब्द तिलाही येत होते.

"हॅलो. हमारा फास्ट है. फास्ट का फूड मिलेगा क्या?"

"मिलेगा ना मॅडम. फास्ट फूड का अलग काउंटर है. सब इन्क्लुडेड."

मंदाने रिसीव्हर ठेवला आणि बबनकडे असं बघितलं, की पीसीओवाल्यानेही मान खाली घातली.

मंगळवारी सकाळी चौघं कोरी पोटं घेऊन पोचली. चहासुद्धा घरी घेतला नाही. तिथे सगळं आहे ना. दाराशी पितळेचं हे एवढं घंगाळ, त्यात पाणी आणि गुलाबाच्या पाकळ्या. मॅनेजर जितेंद्र, हसरा माणूस, त्याने चौघांच्या मनगटाला निळ्या फिती बांधल्या. मंदाने ती फीत दोनदा फिरवून बघितली. हिरव्या चुड्याशी बरी दिसत होती. मग ती थेट काउंटरकडे निघाली. बोर्ड वाचला, अक्षरं लावून लावून वाचला. फास्ट फूड. बरोबर होतं.

काउंटरवर होतं ते असं: बर्गर, नूडल्स, सामोसे, वडापाव.

मंदाने विचारलं, साबुदाणा कुठाय? काउंटरवाल्याने सॉसची बाटली पुढे केली. मग जितेंद्र आला. मंदाने त्याला फास्ट म्हणजे काय ते सांगितलं, त्याने मंदाला फास्ट म्हणजे काय ते सांगितलं. स्वाती लांब जाऊन झोपाळ्यावर बसली, ही माझी आई नाही अशा चेहऱ्याने. खाण्यासारखी केळी होती, पण ती सकाळीच मिल्कशेकमध्ये गेली होती, आणि शेकमध्ये अंडं पडल्याचा गिरिजाबाईंना संशय होता.

आणि शिवलकर एकटे नव्हते. दहिसरच्या एका सोसायटीची सव्वीस माणसं तशीच कुपनं घेऊन आली होती, तीही उपाशी. त्यांचे पुढारी हरिश्चंद्र काका, सफारीतले, रिटायर्ड, त्यांनी जितेंद्रला फैलावर घेतलं. जितेंद्रचा चेहरा पडला. म्हणाला, आमचा कुक मंगळुरूचा आहे, सुरमई मागा, कोलंबी मागा, तो साबुदाण्याला हात लावत नाही. सामान मागवून देतो, पण बनवणार कोण?

इथे गप्प बसायला हवं होतं. मंदाला ते आजवर जमलेलं नाही. ती फणकाऱ्याने बोलून गेली, "त्यात काय आहे बनवायचं? आमच्याकडे पोरीसोरी बनवतात."

तीस माणसांनी तिच्याकडे बघितलं.

"सून माझी हात धरू देणार नाही कोणाला," गिरिजाबाई म्हणाल्या. एकवीस वर्षांत केलेलं पहिलं कौतुक, आणि ते इथे. बबनकडे तिने आशेने बघितलं. बबन म्हणाला, "कर ना. तुला घटकाभराचं काम. तोपर्यंत मी जरा पाण्यात पाय बुडवून येतो."

रिसॉर्टची स्कूटर डोंगरीच्या वाण्याकडे गेली आणि साबुदाणा, दाणे, मिरच्या घेऊन आली. तोवर अकरा वाजले. मंदाने सांगितलं, भिजायला तीन तास लागतील. हरिश्चंद्र काका म्हणाले, आमच्या घरी एका तासात भिजतो. (त्यांच्या घरी तो त्यांच्या आधी उठून कोण भिजवतं हे त्यांना ठाऊक नसणार.) मग भांडं. किचनमधल्या प्रत्येक भांड्यात कधी ना कधी मासा शिजलेला. गिरिजाबाईंनी एकेक हुंगून बाद केलं. शेवटी त्यांची नजर दाराशी गेली. दोघांनी ते पितळेचं घंगाळ उचलून आणलं, पाकळ्या ओतल्या, चिंचेने घासलं. घासलं कोणी हे सांगायला नको. "कल्हई नाही याला," मंदा म्हणाली. "मग लिंबू पिळू नकोस," सासूबाई म्हणाल्या आणि पंख्याखाली जाऊन बसल्या.

घंगाळात खिचडी कधी कोणी केली असेल तर तिने पुढे यावं. आंघोळीच्या भांड्याचं ते बूड, मधोमध जळायचं, कडेला गार राहायचं. साबुदाणा गरम पाण्यात घाईने भिजवलेला, वरून लगदा, आत खडा. मंदाने झारा धरला, घाम पुसायला पदर, डोळ्यांत धूर. खिडकीतून समुद्राचा एक तुकडा दिसत होता, आणि त्यात पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घातलेला बबन. ढवळताना वाफेने निळी फीत सैल झाली, गळली आणि घंगाळात पडली. तिने ती झाऱ्याने काढली. कोणाला बोलली नाही.

दीड वाजता माणसं ताटं घेऊन रांगेत उभी राहिली. मंदाने एकोणतीस जणांच्या ताटांत वाढलं. गरम ताट, बसल्याजागी, पुढ्यात. तिचा नंबर आला तेव्हा घंगाळात खरवड उरली होती. ती तिने उभ्यानेच झाऱ्यावरून खाल्ली, दोन घास कडक, एक जळका. पाणी प्यायली. मग तिचं डोकं फिरलं.

पदर खोचून ती ऑफिसात गेली आणि टेबलावर हात आपटला. "कंप्लेंट बुक काढा. असली फसवणूक मी सोडणार नाही."

जितेंद्र गयावया करू लागला, मालक हर महिन्याला बुक बघतात, माझी नोकरी जाईल, आंटी जाऊ द्या. मंदा ऐकेना. शेवटी त्याने कपाटातून बुक काढून टेबलावर ठेवलं. नवं कोरं, एकही तक्रार नसलेलं. मंदाने खाऊन पुन्हा पाण्यात गेलेल्या बबनला बोलावणं धाडलं, कारण तिचं अक्षर मोठं येतं आणि रकान्यात मावत नाही.

तो अंग पुसून येईपर्यंत हरिश्चंद्र काकांनी आपलं पेन काढलं. त्यांनाही तक्रार करायची होती. बबन आला तेव्हा ते लिहून निघून गेले होते, कारण त्यांची मिनीबस लागली होती.

"काय लिहू?" बबनने विचारलं.

"आधी त्यांनी काय लिहिलंय ते वाचा. म्हणजे आपलं त्याहून कडक लिहिता येईल."

बबनने खणखणीत आवाजात वाचलं, डिस्पॅचला वाचतो तसं. खिचडी अर्धी कच्ची व अर्धी करपलेली. मीठ जास्त. एका सभासदाच्या घासात निळा दोरा आला. स्वयंपाक करणाऱ्यास तात्काळ काढून टाकावे.

  मंदाला वाटलं नवरा आता ते पान टराटरा फाडेल, किंवा निदान आपल्याकडे बघेल तरी. पण बबनच्या नोकरीला बावीस वर्षं झाली होती आणि या बावीस वर्षांत अर्धवट भरलेला कागद त्याने पुढे जाऊ दिला नव्हता. त्याने बोटाने रकाने मोजले. तारीख होती, तक्रार होती, सही होती. एक रकाना मात्र काका घाईत मोकळा सोडून गेले होते, 'जबाबदार व्यक्तीचे नाव'.

बबनने पेनाचं टोपण काढलं, आणि वळणदार अक्षरात, शिरोरेघेसकट, लिहिलं: सौ. मंदा बबन शिवलकर.